पाय ठेवा मामा, हितंच

आमच्या माग खात्याचा जॉबर, म्हणजे माणसांना माग देणारा-काढणारा मुकादम, पायाळू होता. आईच्या पोटातून पायाकडून आलेला. अशा माणसाची लाथ कमरेत बसली की उसण पळते, यावर सोलापुरातल्या आमच्या गिरणीत कुणाला शंका नव्हती. अमावास्येला पाळी सुटली की त्याच्या दारात माणसं पालथी पडायला रांग लावत. तो चहा पीत पीत एकेकाच्या पाठीत डावा पाय हाणायचा.

मी तिसरीतून शाळा सोडून मोगलाईतून, निजामाच्या मुलखातून, इतक्या लांब आलेलो. जवळचं कुणी नाही, आणि काम जाईल ही धास्ती उठता-बसता. कंबर कित्येक महिने दुखत होती, पण मी दाबून नेत होतो. एकदा माझं वाकडं चालणं जॉबरनं हेरलं.

"काय रं मोगलाई, आत्ताच म्हातारा झालास व्हय? अमावशाला ये."

नाही म्हणायची माझी छाती नव्हती. लाथ बसली आणि आत काहीतरी खचलं. "गेली बघ उसण," जॉबर म्हणाला. लोक हसले. मीही हसलो.

पुढं पाय बधिर पडत गेले. शेजारच्या तेलुगू विणकरानं मला गाडीत घालून मिशनच्या दवाखान्यात नेलं. मणका आतून किडतच होता, लाथेनं तो ढासळला, असं तिथल्या डॉक्टरांनी सांगितलं. त्यांनी पाठ उघडून कीड काढली आणि माझ्याच नडगीच्या हाडाची चीप तिथं बसवली.

"साहेब, माग चालवीन ना मी?" एवढंच मी विचारलं.

"हाड धरेल," ते म्हणाले. "पण तिथवर पोचायला दोन्ही अंगांचं मांस हाडापासून सोडवून बाजूला ओढावं लागलं. त्यातलं काही आता परत यायचं नाही. उरलंय त्याला कामाला लाव."

मला ते लगेच कळलं. मागाचा बीम, ताण्याचं सूत गुंडाळायचा रूळ, जागेवर आहे, पण त्यावरचा ताणा ढिला पडलाय. प्लास्टर निघालं तेव्हा कण्याच्या दोन्ही बाजूंना, जिथं मांसाच्या वळ्या असतात तिथं, बोट रुतेल असे खड्डे होते. पालथं पडून छाती उचलायची कसरत डॉक्टरांनी शिकवली. त्यांना आणि त्या शेजाऱ्याला मी अजून सकाळी उठून हात जोडतो.

गिरणीत परतलो तर माझे माग जॉबरच्या भाच्याकडे गेलेले.

"डाक्टरनं कणाच काढून घेतलाय ह्याचा," जॉबर सगळ्यांदेखत म्हणाला. "मागावर काय बुजगावणं हुबं करू? झाडू घे."

मी झाडू घेतला. रोज खोलीवर जाऊन पालथा पडायचो, आणि छाती उचलताना जॉबरचं तोंड डोळ्यांपुढं आणायचो. त्या रागानं मांस भरलं, असं डॉक्टर म्हणणार नाहीत. मी म्हणतो. हळूहळू पुरी पाळी उभं राहता येऊ लागलं. तरीही माग मिळेनात.

मग एका अमावास्येला मी रांगेत जाऊन उभा राहिलो. पाळी आली तेव्हा सदरा काढला आणि लोकांकडं पाठ केली. मधोमध वीतभर व्रण, दोन्हीकडं खड्डे.

"पाय ठेवा मामा, हितंच. मागं ठेवला होता तितंच."

जॉबरनं कप खाली ठेवला. "सदरा घाल की बाबा."

"लाथ मिळाल्याबिगर कसा जाऊ? उसण हाय."

मागची एक बाई आपल्या नवऱ्याला म्हणाली, "चला घरी." रांग तिथून उसवत गेली.

"उद्या माग धर तुझे," जॉबर खालच्या आवाजात म्हणाला. "पण सदरा घाल."

मी घातला नाही. शेवटचा माणूस बोळातून दिसेनासा होईपर्यंत तसाच पाठ उघडी टाकून उभा राहिलो. सकाळी माग धरले. पाळीच्या उत्तरार्धात कंबर आजही भरून येते. पण पुढच्या प्रत्येक अमावास्येला, जॉबर गिरणी सोडून गावी जाईपर्यंत, मी त्याच्या दारासमोरच्या दगडावर उघड्या पाठीनं बसायला जात होतो.