विहिणीला थेट विचारलं
माझ्या थोरल्या जाऊबाई शिवणकाम करतात. त्यांचा मुलगा स्वीडनला असतो, सून स्वीडिश. विहीणबाई व्हिडिओ फोनवर आल्या की दोघींचं बोलणं मुलगाच समजावून सांगे. "आमचा लेक कसा आहे?" विचारलं, की विहिणीच्या नावाने तोच "मजेत" म्हणे. पण फोनवर तो कायम बसलेलाच दिसे, म्हणून जाऊबाईंच्या मनात पाल चुकचुकली. मशीनवर बसल्या बसल्या त्या स्वीडिशचे धडे ऐकू लागल्या.

"ताई, या वयात कशाला डोक्याला ताप?"

"अगं, चोरालाच चोरीची चौकशी करायला सांगू का?"

आज अडखळत त्यांनी विहिणीला थेटच विचारलं. तेव्हा कळलं, मुलाचा पाय मोडला होता, अजून काठी घेऊन चालतो.

जाऊबाईंनी डोळे पुसले आणि त्याला दरडावलं, "लबाडा, यापुढे आम्हा विहिणींच्या मध्ये बोलायचं नाही!"

मी देवापुढे त्याच्या पायासाठी दिवा लावला.