मोडकी करवत नेणारा चोर

नोकरीतल्या बऱ्याच फिर्यादी आता एकमेकींत मिसळून गेल्या आहेत. माणसं विसरलो, कलमं तेवढी लक्षात राहिली. मोटारकरवतीच्या चोरीची ती फिर्याद मात्र काल लिहून घेतल्यासारखी डोळ्यांपुढे आहे. कारण त्या गुन्ह्यात आरोपीने पहिल्याच प्रश्नाला कबुली दिली होती आणि खरा तपास त्यानंतर सुरू झाला होता.

साठ सालानंतरची पहिली दोन-चार वर्षं. सिंधुदुर्ग जिल्हा तेव्हा झाला नव्हता, आमचा सगळा कारभार रत्नागिरीकडे. मी कोल्हापूरकडचा, सव्वीस वर्षांचा नवा फौजदार. वैभववाडीच्या बाजूला घाटाखाली माझं ठाणं होतं. दोन खोल्या, एक कोठडी, पुढे अंगण. दारूच्या, हद्दीच्या नाहीतर फणस चोरल्याच्या तक्रारी. ठाण्याचे हवालदार मालवणकडचे, वयाने माझ्या दुप्पट. मला तिथली बोली समजायची नाही, तेव्हा साक्षीदाराचं म्हणणं ते मला साध्या मराठीत सांगायचे आणि माझं म्हणणं साक्षीदाराला जरा गोड करून सांगायचे.

एका बुधवारी सकाळी जंगलाचा एक कंत्राटदार ठाण्यात आला. त्याने सरकारी लिलावात जंगलाचा एक तुकडा घेतला होता. पाऊस लागायच्या आत साग आणि किंजळ तोडून खाली उतरवायचं होतं. त्यासाठी त्याने मुंबईहून परदेशी बनावटीच्या दोन मोटारकरवती आणल्या होत्या. पेट्रोलवर चालणारं इंजिन, पुढे लांब पट्टी आणि पट्टीभोवती फिरणारी दातेरी साखळी. त्या भागात असलं यंत्र कुणी पाहिलं नव्हतं. आसपासचे लोक भाकरी बांधून ते बघायला यायचे. त्यातलं एक यंत्र गेल्या बाजाराच्या दिवशी जंगलातल्या सामानाच्या झोपडीतून नाहीसं झालं होतं.

"संशय कुणावर?" मी विचारलं.

"संशय कसला, खात्री आहे. माझा मिस्त्री. किल्ली त्याच्याकडे असते. बाजाराच्या दिवशी घरी जातो म्हणून गेला, तो आलेलाच नाही."

मी हवालदारांना घेऊन पंचनाम्याला गेलो. कुलूप शाबूत. झोपडी इतकी नीटनेटकी की मला आमच्या ठाण्याची लाज वाटली. कानशी लहानमोठ्या क्रमाने खिळ्यांना टांगलेल्या. तेलाच्या डब्यांना झाकणं. एका पत्र्याच्या तबकात जास्तीची साखळी तेलात बुडवून ठेवलेली. दुसरी करवत कोपऱ्यात फळीवर होती, जवळपास नवी. तिच्याशेजारची जागा रिकामी.

हवालदार बराच वेळ त्या नव्या करवतीकडे बघत राहिले. मग म्हणाले, "साहेब, गेली ती जुनी. कामगार सांगतात, तिच्यात बिघाड होता. चोराने चांगली सोडून मोडकी का नेली?"

मी तो मुद्दा डायरीत लिहिला, त्याचा विचार मात्र केला नाही. तरुण अधिकाऱ्याचं असंच होतं. आरोपी मिळतोय म्हटल्यावर बाकीच्या गोष्टी त्याला फापटपसारा वाटतात.

कामगारांकडून मिस्त्रीची माहिती मिळाली. वय पंचावन्नच्या पुढे. उमेदीची वर्षं बोटीवर इंजिनखोलीत काढलेली, पुढे मालवणला मच्छीमारांच्या होड्यांना इंजिनं बसू लागली तेव्हा ती दुरुस्त केलेली. रोज काम सुटलं की दोन्ही यंत्रं पुढ्यात घेऊन बसायचा. हवेची जाळी पेट्रोलने धुवायची, प्लग ब्रशने साफ करायचा, पट्टी एकाच बाजूने झिजू नये म्हणून रोज उलटी करायची. मग साखळीचा एकेक दात कानशीने लावायचा. मोजून, जेवढे हात डावीकडच्या दाताला तेवढेच उजवीकडच्या. एक कामगार म्हणाला, "उजव्या हाताचो माणूस एके बाजूक जास्त घासता, साहेब. मग करवत लाकडात वाकडी जाता. मिस्त्रीची कधी वाकडी गेली नाय."

खबर मिळाली ती दुसऱ्याच दिवशी, खारेपाटणच्या बाजारात. किनाऱ्यावरून सुकी मासळी घेऊन येणारी एक बाई हवालदारांच्या ओळखीची होती. सुकट घेता घेता त्यांनी मिस्त्रीच्या गावाची चौकशी केली, तर ती आपणहूनच बोलली.

"गावात सगळा बरा आसा, पण त्या मिस्त्रीचा काय कळना नाय. मांगरात मोटारीसारखो आवाज येता. खंय मोटार दिसना नाय, नि होडीय दिसना नाय. बायल तेची दारातच बसान आसता."

मांगर म्हणजे घराबाहेरचं अवजारं-अडगळीचं छप्पर, हे मला हवालदारांनी सांगितलं. दुसऱ्या दिवशी सकाळच्या एस.टी.ने आम्ही निघालो. मालवण ठाण्याला वर्दी दिली, दोन पंच घेतले आणि खाडी होडीने ओलांडून दुपारी बाराच्या सुमारास मिस्त्रीच्या घरी पोचलो. बायको खरोखरच मांगराच्या दारात बसली होती. खाकी कपडे बघून ती उठली, पण वाट सोडली नाही.

"ते जेवाक नाय अजून," ती म्हणाली. "जेवतत, मगे न्हेया."

आतून आवाज आला, "सोड गो तेंका. येंवदेत."

मांगरात पांढऱ्या धुतलेल्या धोतरावर ती करवत उघडून मांडलेली होती. प्रत्येक स्क्रू, प्रत्येक चकती आपापल्या जागी. मी चोरीचा माल पुष्कळ पाहिला होता, पुढेही पाहिला. पेंढ्यात, शेणाच्या ढिगात, विहिरीत. इतक्या मायेने ठेवलेला कधी नाही.

"ही करवत तू आणलीस?"

"होय. मीच आणलंय."

"मालकाला न विचारता?"

"इचारून कोण देतलो?"

"कशासाठी आणलीस?"

त्याने धोतरावरची एक चकती बोटाने सरळ केली. जप्तीचा पंचनामा होताना एकच बोलला. एका पंचाने साखळी उघड्या हाताने उचलली तेव्हा म्हणाला, "घामाचो हात लावू नको रे, गंज चढता."

दुसऱ्या दिवशी सकाळी ठाण्यात मी त्याचा जबाब घ्यायला बसलो. खरं तर मी बसलो, त्याला उभं ठेवलं. तीन तास. विकायची होती का? नाही. कुणी आणायला सांगितलं? कुणी नाही. मालकाशी भांडण? नाही. मग आणलीस का? मी आवाज चढवला, टेबलावर हात आपटला. तो शांतपणे म्हणाला, "आठ दिस थांबा साहेब. आठ दिसांनी मीच मशीन घेवन येय होतंय. तेव्हा सगळा सांगतंय."

चोर पोलिसांकडे मुदत मागतोय, हे मी प्रथमच पाहत होतो. मला तो माझी थट्टा करतोय असं वाटलं. हवालदार दारातून हळूच म्हणाले, "साहेब, हा माणूस काही लपवत नाहीये. कुणाला तरी लपवतोय." मी त्यांना गप्प केलं.

तेवढ्यात कंत्राटदार हजर झाला. मुद्देमाल ताबडतोब परत हवा होता. "पाऊस डोक्यावर आलाय साहेब. कोर्टाकडून परवानगी घेऊन आजच द्या. माझ्या ट्रकचा फिटर आहे, तो तासाभरात जोडेल. उद्या सकाळी काम सुरू करतो."

मी मान डोलावली आणि अर्जासाठी कागद पुढे ओढला. तीन तास भिंतीसारखा उभा असलेला तो माणूस पुढे आला आणि त्याने दोन्ही हात माझ्या कागदावर ठेवले.

"साहेब, माका कितीय वर्सां आत घाला. पण ती मशीन तेंच्या हातात देव नकात. माणूस मरतलो."

"कोण मरेल?"

आता थांबणं त्याला शक्य नव्हतं. त्याने जे सांगितलं ते हवालदारांनी मला नीट समजावून दिलं. यंत्राच्या क्लचमध्ये दोन लहान स्प्रिंगा असतात. करवत्याने चाप सोडला की इंजिन चालू राहतं, पण त्या स्प्रिंगा क्लच ओढून धरतात आणि साखळी थांबते. या यंत्राची एक स्प्रिंग तुटली होती, दुसरी सैल पडली होती. चाप सोडला तरी साखळी फिरतच राहायची. झाड पाडून करवत्या यंत्र मांडीशी धरून बाजूला होतो, तेव्हासुद्धा.

"मालकाक तीनदा सांगितलंय. ते म्हणाले, पाऊस पडल्यावर बघूया. प्लग काढून ठेवलंय, तर फिटरान दुसरो घातल्यान. मगे काय करू? मुंबयक माझो बोटीवरचो एक दोस्त आसा, तेका स्प्रिंगांसाठी पत्र घातलंय. इकडे होडीच्या इंजिनाच्यो, शिलाईच्या मशीनच्यो लावून बघितलंय. एकय टिकना नाय."

मांगरातून येणारा आवाज तो होता.

"हे काल का सांगितलं नाहीस?"

उत्तर दारातून आलं. किल्लीबद्दल जबाब घ्यायचा म्हणून हवालदारांनी ही करवत चालवणाऱ्या करवत्याला बोलावून ठेवलं होतं. पस्तिशीचा, पोरंबाळं असलेला माणूस. तो लंगडत आत आला.

"माझ्यासाठी नाय सांगूक, साहेब," तो म्हणाला आणि त्याने चड्डी वर सरकवली. मांडीवर वीतभर लांब जखम, टाके नुकतेच काढलेले. "दवाखान्यात कोयतो लागलो म्हणान सांगूक लावल्यानी. खरा सांगलंस तर उद्यापासून येव नको, म्हणाले. मीच मिस्त्रीक हात जोडलंय, माझ्या पोटावर पाय येतलो, खंय बोला नकात."

मिस्त्री त्याच्यावर उखडला. "तुका कोणी बोलूक सांगितला रे?"

मी कंत्राटदाराकडे पाहिलं. तो म्हणाला, "साहेब, ही माणसं वाढवून सांगतात. यंत्र आहे, थोडंफार चालायचंच."

"मग बघू या," मी म्हणालो.

अंगणात चटई टाकली. पंचांसमोर मिस्त्रीने करवत जोडली, तुटक्या स्प्रिंगेसकट. एवढ्या माणसांत, अंगावर गुन्हा असताना त्याचे हात एकाही स्क्रूपाशी अडत नव्हते. त्याने सगळ्यांना दहा पावलं मागे उभं केलं, दोरी ओढली, इंजिन गरजलं. मग चाप सोडून बोट वर करून दाखवलं. आवाज उतरला. साखळी फिरतच होती. त्याने ती एका ओल्या बांबूला नुसती टेकवली. मनगटाएवढा बांबू डोळ्याचं पातं लवायच्या आत दोन तुकडे होऊन पडला.

इंजिन बंद झाल्यावर कंत्राटदार पायरीवर बसला. त्याने ते यंत्र विकत आणलं होतं, पण हातात कधी धरलं नव्हतं. मग करवत्याला म्हणाला, "मला एवढं माहीत नव्हतं रे."

"तीनदा सांगितलेला," मिस्त्री म्हणाला. आवाजात राग नव्हता, म्हणूनच ते फार लागलं.

चोरीच्या व्याख्येत वस्तू हलवणं पुरेसं नसतं. बदनियत लागते. स्वतःचा गैरफायदा किंवा दुसऱ्याचं गैरनुकसान करण्याचा हेतू लागतो. प्रशिक्षणात मी हे घोकून पाठ केलं होतं आणि समोर जिवंत उदाहरण उभं असताना तीन तास ते मला आठवलं नव्हतं. मी सर्व जबाब जोडून ‘सी’ समरीचा अहवाल पाठवला, म्हणजे गैरसमजातून दाखल झालेली फिर्याद. करवत्याच्या जखमेचा जबाब वेगळा घेऊन वर पाठवला. मॅजिस्ट्रेटसाहेबांनी अहवाल दोनदा वाचला, चष्मा काढला आणि विचारलं, "स्प्रिंग आली का?"

ती आली सहाव्या दिवशी, टपालाने. काडेपेटीएवढं पुडकं, आत चार स्प्रिंगा, चिंधीत गुंडाळलेल्या. मुद्देमाल अजून माझ्या ताब्यात होता, म्हणून दुरुस्ती ठाण्याच्या अंगणातच झाली. कंत्राटदार आला, करवत्या आला, आजूबाजूची निम्मी वाडी आली. मिस्त्रीने इंजिन सुरू केलं, साखळी सणसणत फिरली. त्याने चाप सोडला. इंजिन घुरघुरत राहिलं आणि साखळी जागच्या जागी थांबली. तिचा एकेक दात वेगळा दिसत होता. करवत्याने पुढे होऊन तिच्यावर बोट ठेवलं आणि मिस्त्री त्याच्यावर खेकसला, "इंजिन बंद झाल्याबिगर हात लावू नको, किती फावट सांगाचा!" माणसं हसली. कंत्राटदारही हसला. मग त्याने विचारलं, "मिस्त्री, उद्यापासून येणार ना?"

"येतंय. पण मी नको म्हटलंय तर मशीन चालू होवची नाय."

"नाही होणार."

सगळे पांगल्यावर मी मिस्त्रीला माझ्या खोलीत नेलं आणि म्हणालो, "मिस्त्री, तुम्हाला उभं ठेवलं, आवाज चढवला. माझं चुकलं." ‘तू’चं ‘तुम्ही’ कधी झालं ते माझ्याही लक्षात आलं नाही. ते ओशाळले. म्हणाले, "तुमी तुमचा काम केलास. पण साहेब, तुमी सगळा इचारलास. मशीन कशी आसा, ता नाय इचारलास."

त्यांच्या त्या बोलण्यावर मी पुढे कित्येक वर्षं विचार करत राहिलो. आम्ही पोलीस माल कुठे आहे, कुणी नेला, किती वाजता नेला, हे विचारतो. तो माल जिथल्या तिथे राहिला असता तर कुणाचं काय झालं असतं, हे विचारत नाही. बहुतेक वेळा त्या प्रश्नाची गरज नसते. चोर हा चोरच असतो. पण शंभरातल्या एका वेळी त्या प्रश्नाशिवाय दुसरा प्रश्नच नसतो.

पुढे घाटावर एका ठाण्यात असताना नवऱ्याने बायकोविरुद्ध फिर्याद दिली. परवान्याची बंदूक तिने चोरून विहिरीत टाकली होती. बाई समोर आली तेव्हा डोक्यावरचा पदर दातांत धरून उभी होती, काही बोलायला तयार नव्हती. मी लेखणी खाली ठेवली आणि विचारलं, "बाई, बंदूक घरात राहिली असती तर काय झालं असतं?"

तिने पदर सोडला आणि ती पहिल्यापासून सांगायला लागली.