उत्तरेकडं वळणारी तलवार

आमच्या घरची जुनी तलवार वर्षातून एकदाच, खंडेनवमीच्या पूजेला बाहेर निघायची. दुष्काळात विहीर आटली तेव्हा वडिलांनी ती रानात दोरीला आडवी टांगली. देवी पाणी दाखवील म्हणाले. टोक उत्तरेकडं वळलं. आम्ही भावांनी तिकडं खणलं, खाली नुसता खडक. तिथं पुन्हा टांगली, पुन्हा उत्तर, पुन्हा खडक.

तिसऱ्या खड्ड्यावर कारखान्याचा फिटर आला. उसाअभावी सहकारी कारखाना बंदच होता. त्यानं टोकाला टाचणी लावली, ती चिकटली.

"आबा, हिचा लोहचुंबक झालाय. कुठंबी टांगा, उत्तरच दाखवणार."

मी संतापून कुदळ फेकली. वडिलांनी ती उचलून माझ्या हातात दिली.

"पाणी दाखवणारं दुसरं काय हाय तुझ्याकडं?"

काहीच नव्हतं. मी खणू लागलो.