खिळ्याला टांगलेला नान

जर्दाळू पिकायच्या दिवसांत तोख्तासिन आजोबांनी अंथरूण धरलं आणि मार्गिलान शहराजवळच्या त्या मोहल्ल्याची त्यांच्या दारी रीघ लागली. जाणाऱ्याने सगळ्यांची माफी मागायची, ही रीत. ती तरी या माणसाने धड पाळावी की नाही? न्हावी उशाशी येऊन बसला, तर त्याला म्हणाले, "तीस वर्षं तुझ्याकडून हजामत करून घेतली. माफी कुणी कुणाची मागायची ते तूच ठरव!" न्हावी डोळे पुसता पुसता हसला.

पाच वेळची नमाज त्यांनी कधी चुकवली नाही, आणि मशिदीतून बाहेर पडताना इमामसाहेबांच्या पगडीची थट्टाही कधी चुकवली नाही. दर वर्षी मे महिन्यात विजयदिनाला छातीवर पदकं लावून ते शाळेत जायचे. मुलं विचारायची, "बुवाजान, लढाईत किती मारले?" हे गंभीर चेहऱ्याने सांगायचे, "हजारो. सगळ्या उवा." लढाईबद्दल त्यापुढे अवाक्षर नाही. त्यांची नात मुहय्यो नवरा गेल्यावर माहेरी परतली, तेव्हा तीन दिवस तिने अन्नाला हात लावला नव्हता. चौथ्या दिवशी आजोबा डोक्याला आजीचा रुमाल बांधून अंगणात नाचले. ती हसली आणि मग जेवली. तेव्हापासून त्यांचं सगळं तीच करत होती.

आजोबांच्या खोलीत कोनाड्याच्या वर, खिळ्याला एक फडक्यातलं गाठोडं टांगलेलं होतं. त्यात काय आहे ते घरातल्या पोराटोरांनाही ठाऊक होतं. बेचाळीस साली तोख्तासिन आणि त्यांचे मोठे भाऊ सोबिर एकाच दिवशी लढाईवर निघाले. आईने दोघांपुढे एकेक नान धरला. दोघांनी दातांनी एकेक घास तोडला आणि उरलेले नान आईने वेगवेगळ्या फडक्यांत बांधून खिळ्याला टांगले. ज्याने त्याने परत येऊन आपापला संपवायचा. धाकटा आला. थोरला आला नाही, त्याचं पत्रही नाही. त्याचा नान राहिला तो राहिलाच.

त्या दुपारी आजोबा म्हणाले, "मुहय्यो, दार लोट. सगळ्यांची माफी मागून झाली, एकाची राहिलीय."

"आता कोणाची खोडी काढलीत, बुवाजान?"

ते हसले नाहीत. "शेहेचाळीसच्या उन्हाळ्यात मी घरी आलो. आई शेतावर होती. दोन दिवस पोटात काही नव्हतं. हाताला लागला तो नान उतरवला, पाटाच्या पाण्यात भिजवला आणि खाऊन टाकला. मग दुसरा सहज उघडून बघितला." त्यांनी बोट पुढच्या दाताच्या जागी नेलं. लहानपणी तुतीवरून पडून तो दात तुटला होता. "घासाच्या मधोमध उंचवटा राहिलेला. तो माझा होता, पोरी. मी अकाचा, थोरल्या भावाचा खाल्ला होता."

मुहय्योने वर खिळ्याकडे पाहिलं.

"आई आली. मला कवटाळून म्हणाली, तुझा संपवलास ना, आता सोबिरचा तेवढा राहिला. मी हो म्हटलं. कुठल्या तोंडाने खरं सांगणार होतो? पुढे तेवीस वर्षं ती त्या गाठोड्याकडे बघत बसली. माझेच दात बघत होती गं, आणि मी शेजारी बसलेला! तिची नजर तिकडून हलावी म्हणून मी विदूषक झालो. तो माझा स्वभाव नव्हता, मुहय्यो. नंतर झाला." मग हळूच म्हणाले, "माझा नान उतरव. अका वर भेटला तर त्याच्या पाया पडेन. पण आधी मला घरी येऊ दे."

मुहय्योने गाठोड्याला हात लावला नाही. ज्याचा नान घरात टांगलेला असतो त्याला परत यावंच लागतं, हे ती लहानपणापासून ऐकत आली होती. खाऊन संपला की वाट संपली. तिला जवळचं असं हे एकच माणूस उरलं होतं. ती चुलीपाशी गेली, सकाळीच तंदूरमधून काढलेला नान चहात कुस्करला आणि वाटी घेऊन आली. खोटेपणाची लाज वाटत होती, पण हात थांबला नाही.

आजोबांनी एक चमचा तोंडात घोळवला. "लबाडे! हा नान लढाईच्या आधीचा नाही."

तिचा बांध फुटला. "तुम्ही तो खाल्लात की जाल, बुवाजान!"

"मग काय, मला कायमचा खिळ्याला टांगून ठेवतेस?"

इतक्या रडण्यातही तिला हसू आलं. तिथेच ती हरली. तिने स्टूल घेतलं, गाठोडं उतरवलं. नान दगडासारखा झाला होता, राखाडी, पण घासाच्या कडेला मधोमध तो उंचवटा अजून होता. तिने तो खलबत्त्यात कुटला, गरम चहात भिजवला आणि चमच्या चमच्याने भरवला. आजोबा प्रत्येक घासाला बिस्मिल्ला म्हणत होते. बऱ्याच वेळाने त्यांनी विचारलं, "संपला?"

"संपला."

त्यांनी मान दाराकडे वळवली. "आई, मी आलो गं," असं म्हणाले, अठरा वर्षांच्या मुलाच्या आवाजात. मुहय्योने डोक्यावरच्या रुमालाचं टोक तोंडात कोंबलं.

दुसऱ्या दिवशी असरच्या, उतरत्या दुपारच्या नमाजेच्या वेळी ते गेले.

तिसऱ्या दिवशी बायका बसायला आल्या होत्या. आजोबांची लेक, सालोमत आत्या, खोली झाडायला आत गेली आणि ओरडतच बाहेर आली. "मुहय्यो! सोबिरकाकांचा नान कुठंय? ते आल्याशिवाय उतरवायचा नाही असं आजी सांगून गेली होती ना?"

मुहय्यो तांदूळ निवडत होती. तिने वर पाहिलं.

"आले ते, आत्या," ती म्हणाली. "शेहेचाळीस सालीच आले. बुवाजानच तेवढे परवा पोचले."

आत्याला वाटलं, पोरीच्या डोक्यावर परिणाम झाला. तिने केरसुणी टाकली आणि मुहय्योला जवळ ओढलं.