आठ वाजून दहा मिनिटं

गेल्या महिन्यात एका रविवारी आम्ही तिघं उजनी धरणाच्या बॅकवॉटरला कयाक, म्हणजे वल्ह्याची छोटी होडी, चालवायला गेलो होतो. मी, माझा चुलत भाऊ संतोषदादा, आणि लोणी देवकरच्या कंपनीत माझ्याबरोबर पॅकिंगला असलेला किरण. हौस दादाचीच... मोबाईलवर व्हिडिओ बघून बघून त्यानं ठरवलं होतं.

माझा स्वभाव शंकेखोर. गाडीत बसायच्या आधी मी स्टेपनी तपासतो. म्हणून आमच्या कन्हेरी गावातून निघतानाच दादानं अट घातली, "आज एक पण शंका काढायची न्हाय. काढलीस की तितंच उतरवीन." किरण म्हणाला, "उतरवू नका दादा, पाण्यात सोडा. पोहतंय का बघू." मी हसलो आणि कबूल झालो.

होडीवाल्या तात्यांनी लाइफ जॅकेट बांधून दिली. एका कयाकमध्ये दादा पुढं, मी मागं. किरण दुसरीत. पाणी एकदम शांत होतं, लांबवर पक्षी बसले होते...

मध्यावर गेलो आणि दादाच्या डाव्या हातातून वल्हं निसटलं. त्यानं ते धरलं, पुन्हा निसटलं. मी घड्याळात बघितलं. आठ वाजून दहा मिनिटं. का बघितलं माहीत नाही, सवय आहे. "हाताला काय झालं?" हे अगदी ओठांपर्यंत आलं होतं... गिळलं.

थोड्या वेळानं तो काहीतरी बोलला, ते जड वाटलं. तोंडात तंबाखू असेल, असं मी मनाला समजावलं. दादा तंबाखू खात नाही, हे मला माहीत होतं.

काठावर आल्यावर त्याच्या डाव्या पायात चप्पल जाईना. किरण म्हणाला, "पाण्यानं गारठला व्हय पाय?" दादा स्वतःच हसला. मग मीही हसलो. बाभळीखाली बसून गप्पा झाल्या. तो कमी बोलत होता, एवढंच.

साडेअकराला चहा पिताना त्याचं तोंड एका बाजूला ओढलं गेलं. चहा शर्टावर सांडला आणि तो बसल्या जागी कलंडला.

तात्या पळत आले. "वारं गेलंय अंगावरनं. आदी झाका, हवा लागू देऊ नका." त्यांनी घरातून घोंगडी आणून दादाला गुंडाळलं. जवळच्या गावात एक जण लकव्याचं औषध देतो, त्यांच्या मेव्हण्याला त्यानंच उठवून बसवलं होतं म्हणे. आमच्याकडं बहुतेक घरांत हेच करतात. माझ्या आजोबांनाही असंच घोंगडीत ठेवलं होतं. आम्ही तिकडंच निघालो. तात्या स्वतः गाडीत बसून आले, वाटभर दादाचा हात चोळत होते.

तिथं नंबर लागण्यात आणि तेल चोळण्यात वेळ गेला. शेवटी किरणच म्हणाला, "तात्या, आता बारामतीच. मी कुणाचं ऐकणार न्हाय." दवाखान्यात पोचलो तेव्हा एक वाजून वीस मिनिटं झाली होती. वाटेतून फोन केला होता, त्यामुळं वहिनी आमच्या आधी येऊन दारात उभ्या होत्या.

डॉक्टर मॅडमनी पहिला प्रश्न विचारला, "सुरुवात नेमकी कधी झाली?" किरण म्हणाला, "साडेअकराला." मॅडम म्हणाल्या, मग वेळ आहे, स्कॅन बघून गुठळी विरघळवायचं इंजेक्शन देता येईल. ते साडेचार तासांच्या आत द्यावं लागतं. नंतर दिलं तर मेंदूत रक्तस्राव होण्याचा धोका वाढतो. वहिनींनी हात जोडले...

माझ्या मनात हिशोब झाला होता. पाच तास दहा मिनिटं.

"मॅडम, आठ वाजून दहा मिनिटांनी सुरू झालं."

किरण माझ्याकडं बघत राहिला. "तवा तर दादा चांगले हुते की."

"न्हाय. वल्हं दोनदा सुटलं. मी मागं बसलो होतो."

मॅडमनी बोलण्याचं विचारलं, चालण्याचं विचारलं. मी सगळं सांगितलं. इंजेक्शन दिलं नाही. आत जाताना त्या हळूच म्हणाल्या, "सांगितलंत ते बरं केलंत." वहिनी तेव्हा दादाच्या स्ट्रेचरपाशी गेल्या होत्या. त्यांना एवढंच कळलं, की उशीर झाला.

दादा आता घरी आहे. धरून चालतो. डावा हात मांडीवर ठेवला की तिथंच राहतो. गेल्या आठवड्यात तात्या मासे घेऊन भेटायला आले, तर वहिनींनी त्यांना उंबऱ्याच्या आत घेतलं नाही. "तुमच्या औषधापायी झालं हे," म्हणाल्या. तात्या पिशवी ओट्यावर ठेवून गेले. मी तिथंच होतो. गप्प.

तात्यांचा फार तर तास-सव्वा तास. माझे तीन तास वीस मिनिटं.

काल जाऊन वहिनींना सांगितलं. वल्हं, बोलणं, चप्पल, सगळं. त्या दादाला भरवत होत्या. घास हातात तसाच राहिला.

मग दादा बोलला. त्याचा एकेक शब्द अजून जड येतो. "मला... बी कळलं हुतं. हात... माझाच हुता की."

वहिनी त्याच्याकडं बघत राहिल्या. मग ताट माझ्या हातात दिलं. "तू भरव. मी तात्यांना फोन लावते." आणि पदरानं डोळे पुसत बाहेर गेल्या.

दादानं चार घास खाल्ले. अर्धी भाकरी उरली. आज संध्याकाळीही मीच जाणार आहे... वहिनींनी येऊ नको म्हटलं नाही, हे माझ्यासाठी खूप आहे.