पडलास कुठे?

पेण ते रोहा या पट्ट्यात प्लास्टर घातलेला माणूस आमच्या आतोबांच्या तावडीतून सुटून नीट घरी पोचला, असं आजवर झालेलं नाही. आतोबा म्हणजे माझ्या आत्याचे यजमान. राहायला रोह्याजवळच्या अष्टमी गावात, वय पंचाहत्तरच्या पुढे, काखेत कागदांनी फुगलेली कापडी पिशवी. बाजारात, एसटी स्टँडवर, लग्नात, कुठेही एखाद्याचा हात गळ्यात बांधलेला दिसला की आतोबा त्याच्या वाटेत उभे राहतात. "पडलास कुठं? कुणाच्या कामावर? बघितलं कुणी?" ओळखपाळख नंतर. माझ्या मेव्हण्याच्या लग्नात त्याच्या मनगटाला पट्टी होती, तर मंगलाष्टकं चालू असताना आतोबा अक्षता टाकायच्या निमित्ताने पार अंतरपाटापर्यंत सरकले. क्रिकेट खेळताना लागलं, असं कळल्यावर त्यांचा चेहरा एवढासा झाला. "क्रिकेटला मालक नसतो," म्हणाले आणि जेवायला जाऊन बसले. एकदा मी त्यांना आमच्या पेणमध्ये गणपतीच्या कारखान्यात नेलं होतं. कोपऱ्यात हात तुटलेली एक मूर्ती ठेवली होती. शंभर देखण्या मूर्ती सोडून आतोबा तिच्यापाशी थांबले आणि कारागिराला म्हणाले, "ह्यो इथंच तुटला, का गाडीत भरताना?"

बांधकाम चालू असलेल्या इमारतीवरून तर त्यांना पुढे नेणं म्हणजे आत्याला शिक्षाच. मान वर करून उभे राहतात. कोण कमरेला पट्टा न बांधता लटकलाय, फळी कुठे हलतेय, खाली जाळी आहे का, सगळं बघून झाल्यावर फाटकावरच्या पाटीवरून बिल्डरचं आणि ठेकेदाराचं नाव पाठ करतात. मग दुपारच्या सुट्टीत डबा खाणाऱ्या कामगारांमध्ये जाऊन बसतात. "बांधकाम कामगारांच्या सरकारी मंडळात नाव घातलंस का? नव्वद दिवस काम केल्याचा दाखला घेतलास का?" रोह्यात एका कामावर त्यांना सरकारी इन्स्पेक्टर समजून सुपरवायझरने खुर्ची दिली, थंडा मागवला आणि कुलूपबंद खोलीतून नवीकोरी हेल्मेटं बाहेर काढली. आतोबांनी थंडा शांतपणे संपवला आणि त्यालाच विचारलं, "तुझं सोताचं नाव हाय का मंडळात?" नव्हतं. अर्ज कुठे मिळतो हे त्याने गुपचूप लिहून घेतलं.

मला राहून राहून नवल वाटायचं की या माणसाला हे खूळ लागलं कुठून. ते वकील नाहीत, पुढारी नाहीत, कधी वीट उचललेली नाही. आत्याला विचारलं तर ती म्हणे, "पहिल्यापासून तसेच हायेत." शेवटी एका दुपारी वालाच्या शेंगा सोलता सोलता त्यांनीच सांगितलं. नोकरीत असताना ते सरकारी दवाखान्यात केसपेपरच्या खिडकीत बसायचे. नाव, गाव, वय आणि काय झालं, एवढं लिहायचं. "गावात जिना असलेली घरं तवा चार नव्हती," ते म्हणाले, "आणि माझ्या कागदावर आठवड्याला दोन माणसं घरच्या जिन्यावरनं पडायची. संगती ठेकेदाराचा माणूस असायचा, तो सांगायचा, मी लिवायचो. एकदा तरी विचारायचं ना, की बाबा, तुझ्या घराला जिना हाय का?" हातातली शेंग त्यांनी नखाने दोनदा उकलली. 

हल्ली जिना मागे पडला आहे, मोटरसायकल आली आहे. हे मला कळलं ते सुगंधामुळे. सुगंधा गडब गावची, आमच्याकडे वर्षानुवर्षं वाल घेऊन येणारी. एक दिवस ती रिकाम्या हाताने आली आणि ओट्यावर बसून रडायलाच लागली. तिचा नवरा हरेश सेंट्रिंगच्या, म्हणजे स्लॅबखाली फळ्या आणि टेकू ठोकायच्या कामाला जायचा. रोह्यात एका इमारतीवर पायाखालची फळी सरकली आणि तो दुसऱ्या मजल्यावरून खाली आला. उजवा पाय गुडघ्यापाशी चेचला गेला. सुपरवायझरने दवाखान्यात पोचवलं खरं, पण वाटेत कानात सांगितलं, गाडीवरून पडलो म्हण, बाकी आम्ही बघतो. हरेशने तसंच सांगितलं. पंधरा दिवस फळं आली, मग फोन उचलेनासे झाले. आता ठेकेदार म्हणत होता, असा कोणी माणूस आमच्याकडे कामालाच नव्हता.

मी तिला घेऊन थेट अष्टमी गाठली. मला वाटलं, आतोबा ठेकेदारावर तोंडसुख घेतील. पण ते एकदम शांत झाले, चष्मा पुसला आणि विचारू लागले.

"कुठल्या कागदावर सही केलीस का गो?"

"नाय. कोरा कागद आणला हुता, मी दिली नाय."

"बेस. गाडी कुणाची हुती?"

"गाडी कसली? आमच्यात गाडी नाय. त्याला सायकल पण येत नाय. शिकवायला गेलेले, तर भातात पडला."

आतोबांच्या चेहऱ्यावर असं हसू पसरलं की सुगंधा घाबरलीच. पुढचा प्रश्न मला अगदीच अवांतर वाटला.

"स्लॅब टाकला तवा जेवान काय हुतं?"

"मटण."

"मग फोटो असणार. मटण असलं की फोटो असतोच."

स्लॅब भरायच्या दिवशी नारळ फुटतो आणि झाडून सगळ्या कामगारांना जेवण मिळतं, हे मला माहीत होतं. त्याचा पुरावा होतो हे माहीत नव्हतं. दुसऱ्या दिवशी आतोबा गाडीने जिते गावात गेले, हरेशबरोबर काम करणाऱ्या एका गवंड्याकडे. तो दारातच म्हणाला की मी साक्ष देणार नाय, माझं काम जाईल. आतोबा म्हणाले, "साक्ष नको देऊस, फोटो दे. आणि चहा दे." दोन्ही घेऊन आले. फोटोत ठेकेदार नारळ फोडत होता आणि त्याच्या बाजूला, हळदीकुंकवाचं ताट धरून, दोन्ही पायांवर ताठ उभा होता तो हरेश.

मग आतोबा आम्हाला समजावत बसले. तालुक्याच्या कोर्टात गरिबाला वकील फुकट मिळतो. कामावर अपघात झाला तर भरपाईचा अर्ज कामगार न्यायालयात करता येतो, फक्त मुदतीत करायचा, बसून राहायचं नाही. आणि ठेकेदाराने हात झटकले तरी ज्याचं काम चाललंय त्या बिल्डरलाही त्यात ओढता येतं. "म्हणून पाटी वाचायची असते," असं मला टोमणा मारल्यासारखं म्हणाले. नोटिसा गेल्या, अर्ज झाला, तारखा पडत राहिल्या. प्रत्येक तारखेला आतोबा डबा घेऊन हजर.

हरेशच्या साक्षीच्या दिवशी मीही गेलो होतो. समोरच्या वकिलाने केसपेपर हातात नाचवत विचारलं, "गाडीवरून पडलो, हे तुम्हीच सांगितलंत ना? मग खोटं तेव्हा बोललात की आता?"  हरेशने कुबडी काखेत नीट धरली.

"तवा बोललो, साहेब," तो म्हणाला. "मला वाटलं, तसं बोललो की बरा झाल्यावर परत कामावर घेतील."

आतोबांनी मान फिरवली आणि उगाच खिडकीबाहेर बघत राहिले.

पुढे निकाल हरेशच्या बाजूने लागला, त्या दिवशीही मी कोर्टात होतो. भरपाई ठेकेदाराने द्यायची, त्याने नाही दिली तर बिल्डरने. आमचा वकील हात मिळवून गेला, सुगंधा चहा आणायला गेली. मला आतोबांचा इतका अभिमान वाटला की भर कोर्टाच्या आवारात मी त्यांना वाकून नमस्कार केला. ते मात्र सरळ कट्ट्यावर बसलेल्या हरेशजवळ जाऊन उभे राहिले.

"आतोबा," हरेश म्हणाला, "तुमचे उपकार हायेत. पैसं येतील आता. पण वीस वरसं सेंट्रिंगच केलं वो. उद्या सकाळी उठून मी करू काय?"

जन्मभर दुसऱ्यांना विचारत आलेल्या माणसाला कोणीतरी पहिल्यांदाच काही विचारत होतं.  आतोबा हळूच त्याच्या शेजारी बसले, त्याची कुबडी आपल्या मांडीवर घेतली. सुगंधा चहा घेऊन आली तेव्हाही दोघं तसेच बसून होते, एकमेकांकडे न बघता.