सिस्टरचं आभाळ

"मोठं तर रस्त्यावरून बी दिसतंय. बारीक कुठंय ते दाखव."

चष्मा कपाळावर चढवायचा, कागद नाकाला टेकेल इतका जवळ आणायचा आणि हे म्हणायचं, ही सिस्टरची रीत. जवळचं वाचायला लोक चष्मा शोधतात, सिस्टर असलेला काढायच्या.

हिंगोलीत बसस्टँडच्या मागे माझं फ्लेक्स छपाईचं दुकान आहे. तुम्ही आमच्या गावात आलात तर चौकाचौकात वाढदिवसाच्या शुभेच्छा दिसतील, त्यातल्या बऱ्याचशा माझ्या मशीनमधून निघालेल्या. या धंद्यात भांडण एकाच गोष्टीवरून होतं. कोणाचा फोटो केवढा. मागे एका पुतण्याचं नाव काकापेक्षा बोटभर लहान आलं, तर त्याने बॅनर घ्यायलाच नकार दिला. तो बॅनर अजून माझ्या जनरेटरवर पावसाचा आडोसा म्हणून टाकलेला आहे, काका-पुतणे दोघेही भिजतात.

अशा दुकानात बारीक अक्षर मागणारं गिऱ्हाईक म्हणजे सिस्टरच. जन्मभर सरकारी दवाखान्यात बाळंतपणाच्या वॉर्डात काढलेल्या. गावातली निम्मी पोरं त्यांच्या हातावर जन्मलेली, आणि ते त्या कोणालाही विसरू देत नसत. एकदा एक तरुण नेते दुकानात बसून स्वतःचा फोटो आणखी वाढवायला सांगत होते. सिस्टर मागून म्हणाल्या, "याला मी उलटा धरून चापट मारली तवा कुठं रडला. आता बघा, भिंतीवर मावंना." नेते उठून नमस्कार करून गेले. फोटो तेवढाच राहिला.

दर गुरुवारी सिस्टरच्या पडवीत चर्चच्या मंडळीतल्या बायकांचा बायबलचा अभ्यास चाले. नांदेडला कुठल्याशा शिबिरात त्यांनी एक प्रकार पाहिला होता. कॉम्प्युटरला एक अख्खा अध्याय द्यायचा. जो शब्द पुन्हा पुन्हा आलेला असेल तो मोठा होतो, एकदाच आलेला बारीक राहतो, आणि सगळे शब्द मिळून कागदावर ढग जमल्यासारखे दिसतात. वर्डक्लाऊड म्हणतात त्याला. सिस्टर त्याला आभाळ म्हणायच्या. "भाऊ, आज एक आभाळ काढून दे," म्हणून यायच्या. मीही पुढे बिलावर 'आभाळ, एक प्रत' असंच लिहू लागलो.

पहिलं आभाळ काढलं तेव्हा मधोमध भलामोठा 'आणि' आला. सिस्टर बघत राहिल्या. मी ते 'आणि', 'तो', 'ती' काढून टाकले तर म्हणाल्या, "काहून काढलंस? गरीब बिचारा, एकदाच मोठा झाला होता."

आमच्या घरात बुद्धवंदना. बायबलशी माझा संबंध एवढाच की त्यातले शब्द माझ्या पडद्यावर लहानमोठे होत. पण कधी घराकडे जाताना मीच कागद नेऊन द्यायचो, आणि चहाच्या निमित्ताने पडवीच्या पायरीवर टेकायचो. आलेल्या बायका बहुतेक मजुरीच्या. हळद काढणीच्या दिवसांत त्यांची बोटं पिवळी असत. सिस्टर आभाळ भिंतीला चिकटवायच्या, मोठ्या शब्दांवर सगळ्यांना बोलू द्यायच्या आणि शेवटी कोपऱ्यात बोट ठेवायच्या. हजारो भुकेल्या लोकांना थोड्या भाकरींत जेवू घातल्याची गोष्ट होती त्या दिवशी कोपऱ्यात 'गवत' निघालं. लोक हिरव्या गवतावर बसले होते म्हणे. एक मावशी विचार करून म्हणाली, "गवत हिरवं हाय, म्हंजे सुगी अजून आली न्हाई. त्याच दिसांत तर घरात दाणा नसतो." सिस्टरनी मला हाक मारली. "ऐकलंस का भाऊ? भूक काहून लागली ते तुझ्या आभाळात सापडलं."

ही मजा चालू असताना सिस्टरच्या घरात मात्र एक गोष्ट अडून बसली होती. त्यांचा एकुलता मुलगा नांदेड रोडवर अपघातात गेला होता. मागे राहिली सून. एका खासगी लॅबमध्ये रक्त तपासायची, घरी आली की सासूची शुगर तपासायची आणि आकडा बघून रागवायची. पोर नव्हतं. तिला परभणीहून एक स्थळ आलं. शाळामास्तर, त्याचीही बायको वारलेली, माणूस चांगला. सिस्टरच्या मनात फार होतं. सून ऐकून घेत नव्हती. "तुमाला सोडून कुठं जाऊ, मम्मी?" यापुढे तिचं बोलणं सरकत नसे.

मग सिस्टरनी शास्त्रालाच मध्यस्थ घालायचं ठरवलं. दुष्काळात परमुलखात गेलेल्या एका सासूची बायबलमध्ये गोष्ट आहे. नवरा जातो, मुलगे जातात, आणि ती विधवा सुनांना म्हणते, माहेरी परत जा, पुन्हा संसार मांडा. सिस्टरनी त्याच अध्यायाचं आभाळ मागितलं, आणि तेही कागदावर नाही, चांगलं फ्लेक्सवर. मधोमध आला 'परत'. सगळ्यात मोठा. सिस्टरनी त्या दिवशी चष्मा काढलाच नाही. "बराबर आलंय," म्हणाल्या. "आता शास्त्रच सांगून राहिलंय म्हटल्यावर काय बोलंल ती?"

खिळे ठोकायला मीच गेलो. बायका जमल्या, प्रार्थना झाली. सिस्टरनी सुनेला सगळ्यांसमोर विचारलं, "वाच. काय मोठं आलंय?"

"परत," सून म्हणाली.

"कोण म्हणतंय परत जा?"

"सासू."

"मंग?"

सून शांतपणे फ्लेक्सकडे बघत म्हणाली, "मम्मी, इतक्या डाव म्हणावं लागलं म्हणून तर एवढा मोठा झाला. सून एका डावात गेली असती तर बारीकच राहिला असता. त्यातल्या एकीनं तरी कुठं ऐकलं? सासूच्या संगंच गेली."

बायका हसायला लागल्या. माझ्या हातात हातोडी होती, मलाही आवरेना. सिस्टर आधी चिडल्या, मग पदराने डोळे पुसू लागल्या. ते हसण्याचं पाणी होतं की कसलं, कोणी विचारलं नाही. थोड्या वेळाने सूनच म्हणाली, "मला लग्न नको असं न्हाई. तुमी संगं येत असाल तर मी तयार हाय. मास्तरांशी मी बोलले. त्यांची काही हरकत न्हाई."

आता अडून बसायची पाळी सिस्टरची. नव्या घरात जुनी सासू घेऊन कोण जातं? लोक काय म्हणतील? त्या मास्तरच्या घरात मी कोण म्हणून राहू? दुकानात येऊन बसायच्या आणि हेच बोलायच्या. चहा थंड व्हायचा. मला त्यांची काळजी वाटायची. बॅनरवर कोणाला कुठे बसवायचं हे मला कळतं, घरात नाही.

एका दुपारी त्या म्हणाल्या, "त्या गोष्टीचा शेवटचा अध्याय काढ. काय व्हायचं ते बघू." त्या अध्यायात सुनेचं नव्याने लग्न होतं, तिला मूल होतं. आभाळ निघालं. सिस्टरनी सवयीने चष्मा कपाळावर चढवला, कागद नाकाशी नेला. तो खाली येईना. मला वाटलं, बरं वाटत नाही की काय. मग त्यांनी कागद माझ्यासमोर ठेवला आणि अगदी खालच्या कोपऱ्यात नख टेकवलं.

"दाई," मी वाचलं.

"ती म्हातारी नातू उराशी धरती आन त्याची दाई व्हती," सिस्टर म्हणाल्या. "आजवर कितींदा वाचलं मी हे. दिसलंच न्हाई." मग मोठ्याने हसल्या. "मी कोण म्हणून राहू म्हणत होते. आरे, हे तर माझंच काम हाय."

लग्न साधंच झालं. सिस्टर नव्या जोडप्याबरोबर परभणीला गेल्या, जाताना शेजाऱ्यांना तुळशीची कुंडी आणि मला तंबाखू सोडायची ताकीद देऊन. गुरुवारचा अभ्यास आता ती गवतवाली मावशी चालवते. ती आभाळ न्यायला येते, पण हिशेब चोख करून लगेच जाते. कोणी माझ्या गिऱ्हाइकांना त्यांच्या जन्माच्या वेळच्या गोष्टी सांगत नाही. गुरुवारी दुपारी दुकान मला मोठं वाटतं.

परवा सुनेचा फोन आला. मुलगी झाली आहे, बाप्तिस्म्याचा फ्लेक्स हवा आहे, आणि तो हिंगोलीहूनच छापून यायला हवा असा मम्मींचा हट्ट आहे. "मम्मीचं नाव मोठं घाला," ती म्हणाली. मागून ओळखीचा आवाज आला, "हिचं ऐकू नको भाऊ. मला खाली कोपऱ्यात घाल. आन नाव कशाला? जे हाय ते लिही."

एवढ्या वर्षांत मी पहिल्यांदाच कोणाचं अक्षर लहान करायला बसलो. मधोमध बाळाचं नाव, भोवती आईबाप, आणि खालच्या उजव्या कोपऱ्यात, चष्मा काढल्याशिवाय दिसणार नाही एवढ्या अक्षरात, दाई. मशीनमधून फ्लेक्स बाहेर येत होता तेव्हा मी वाकून तो कोपरा यायची वाट बघत होतो.